तिसऱ्या चावीचा मान

आमच्या लुसाला गावच्या महिला बचत गटात बावीस बायका आणि एक पुरुष आहे. तो पुरुष मी. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं, पुढे मी त्यासाठी थांबणार नाही. गट निघाला तेव्हा हिशेब आणि अर्ज लिहायला गावात माणूस मिळेना. मास्तरांना वेळ नव्हता. पाद्रीबुवांना वेळ होता, पण त्यांचं अक्षर दुसऱ्या दिवशी त्यांनाच लागत नसे. मी शिंपी. शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण मी कापडाचे गठ्ठे ज्या वर्तमानपत्रांत बांधून येतात ती वाचून स्वतःच उरकलं. बातम्या दोन महिने शिळ्या असत, पण सरकार काही दोन महिन्यांत सुधारत नाही, त्यामुळे माझं अडलं नाही. तर चिटणीस मी झालो. हेझ्रोन किदिगा, चिटणीस, गेली अकरा वर्षं.

अध्यक्ष माझी बायको, जेस्का. घरी ती मला "अहो अमोसचे बाबा" म्हणते. आंब्याखाली सभा भरली की "चिटणीस, खाली बसा" म्हणते. शनिवारी दोन ते चार मी तिचा नवरा नसतो. एकदा सभेत मला शिंक आली, वीस शिलिंग दंड झाला. घरी येऊन मी विचारलं, शिंकेला दंड कुठल्या कलमाखाली?

"शिंकेला नाही," ती भाजी निवडत म्हणाली, "शिंकल्यावर 'देवा रे' म्हणालात ना, त्याला. अध्यक्षांना विचारल्याशिवाय बोललात."

कलमं मीच लिहिली आहेत. कोणाला दोष देणार?

असं सगळं नीट चाललेलं असताना नैरोबीच्या एका संस्थेचं पत्र आलं. डेन्मार्क देशाची एक स्वयंसेविका चार महिने आमच्या गटात राहणार, आणि ती आमची 'क्षमता वाढवणार'. पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा मला राग आला. अकरा वर्षांत आम्ही एक शिलिंग बुडवला नाही. पावसात, दुष्काळात, निवडणुकीच्या दंगलीत, एकही शनिवार चुकवला नाही. आमच्या बायकांनी गटाच्या कर्जातून गाई घेतल्या, पत्रे घातले, पोरी कॉलेजात पाठवल्या. आणि आमची क्षमता वाढवायला येणार कोण, तर चोवीस वर्षांची पोरगी, जिने आयुष्यात कोणाकडे कर्ज मागितलं नाही आणि जिच्याकडे कोणी मागितलं नाही!

"येऊ दे," जेस्का म्हणाली. "तुम्हाला उसवायला नवीन माणूस मिळेल. आम्ही कंटाळलो."

सिग्ने आली आणि आमच्याच घरी उतरली. उंची इतकी की आमच्या दारातून आत येताना प्रत्येक वेळी कपाळ आपटायची आणि दाराचीच माफी मागायची. मांस खात नाही म्हणाली. जेस्काने तो आजार समजून रविवारी चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना सांगितली. पहिल्याच सभेला ती चुकून पेटीच्या चाव्या सांभाळणाऱ्यांच्या बाकावर बसली आणि दहा शिलिंग दंड भरला. भरला, आणि पावतीचा फोटो काढून आईला पाठवला. इतक्या आनंदाने दंड भरणारं माणूस गटाने पाहिलं नव्हतं. बायका खूष झाल्या. मी नाही झालो. मी वाट बघत होतो.

दुसऱ्या आठवड्यात तिने माझी वही मागितली. अकराच्या अकरा वर्षांच्या वह्या. दोन दिवस अंगणात चटईवर बसून, बोट फिरवत, ओळ न ओळ तपासली. मी समोर मशीनवर बसून एकाच शर्टाची एकच बाही चारदा शिवली. शेवटी तिने वही मिटली आणि तिच्या मोडक्यातोडक्या स्वाहिलीत म्हणाली, "हेझ्रोनकाका, चूक नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

"नाही, तुम्ही ऐका. मी चार वर्षं हेच शिकले. एक पण चूक नाही. मी इथे काय शिकवू?"

आता खरं सांगतो. त्या क्षणी माझा राग असा खाली बसला जसा इस्त्री फिरल्यावर कापडाचा चुरगळा बसतो. माणसाचं हे असंच आहे. कोणी आपली चूक काढायला येतो तोवर तो परदेशी. चूक सापडली नाही असं म्हणाला की तो घरचा. आणि घरच्या पोरीचा मान करायच्या भरात मी जो उद्योग केला, त्याने पुढे सगळ्यांना नाचवलं.

आमची पैशाची पेटी लोखंडी आहे. तिला तीन कुलपं. तीन चाव्या तिघांच्या गळ्यात: एक माझ्या, एक त्रुफेनाच्या, एक रिस्पा आजीच्या. त्रुफेनाचं बाजारात पिठाचं दुकान आहे आणि आवाज गिरणीचा आहे. रिस्पा आजी पंच्याहत्तरीच्या, गटातल्या सगळ्यांत जुन्या. पेटी चार-चार महिने तिघांच्या घरी फिरते. तिघं एका जागी आल्याशिवाय ती उघडत नाही. ही आमची पद्धत, आणि या पद्धतीचा आम्हाला अभिमान आहे. ज्याच्या गळ्यात चावी त्याला गावात रस्त्यावर दोन पावलं जास्त जागा मिळते.

त्या शनिवारी मी परवानगी घेऊन उभा राहिलो आणि भाषण केलं. भाषण चांगलं झालं, हीच अडचण झाली. मी म्हणालो, पाहुण्याला आपण खुर्ची देतो, चहा देतो. पण लेकीला काय देतो? लेकीला घराची चावी देतो! टाळ्या पडल्या. रिस्पा आजींनी डोळ्याला पदर लावला, गळ्यातली चावी काढली आणि सिग्नेच्या गळ्यात घातली. अकरा वर्षं चावी घासून आजींच्या गळ्याखाली पुसट डाग पडला होता. तो सगळ्यांना दिसला. बायकांनी जिभेने किलकाऱ्या मारल्या, शेजारच्या शाळेतली पोरं खिडकीत आली.

फक्त लॉइसने टाळी वाजवली नाही. लॉइस म्हणजे त्याच मास्तरांची बायको, आता विधवा. हिशेबाचा सहा महिन्यांचा कोर्स केलेली, आणि माझ्या पदावर सहा वर्षं डोळा ठेवून बसलेली. "भाषण छान शिवता हो," ती जाता जाता म्हणाली. "माप घेतलं होतं का?"

माप घेतलं नव्हतं. संस्थेने प्रत्येक स्वयंसेवकाला एक जाड पुस्तक दिलेलं असतं. त्याच्या बाराव्या पानावर लिहिलंय: गावकऱ्यांनी मानाने दिलेली वस्तू कधीही नाकारू नये. एक्केचाळिसाव्या पानावर लिहिलंय: गटाची रोकड, पेटी किंवा चावी स्वयंसेवकाच्या ताब्यात आढळल्यास त्याला तात्काळ मायदेशी पाठवण्यात येईल, आणि त्या गटाला पुन्हा कधी कोणी मिळणार नाही. पान बारा लिहिणारा आणि पान एक्केचाळीस लिहिणारा हे दोघं एका इमारतीत बसून कधी एकमेकांना भेटले नसावेत. सिग्ने बिचारी बाराव्या पानाप्रमाणे वागली आणि एक्केचाळिसाव्या पानाला भीत राहिली. आम्हाला काही बोलली नाही. चावी झग्याच्या आत लपवून फिरत राहिली.

आणि डिसेंबरात, वर्षभराच्या बचतीची वाटणी चार दिवसांवर आलेली असताना, मंगळवारी सकाळी आमच्या अंगणात कपडे धुता धुता तिच्या लक्षात आलं, की गळ्यात दोरा आहे आणि चावी नाही.

ती पांढरी होतीच, आणखी पांढरी झाली. मग दोन्ही पानांची हकिगत रडत रडत सांगितली. शनिवारी वाटणी बघायला संस्थेची बाई नैरोबीहून येणार होती. पेटी उघडली नाही तर चावी कोणाकडे हे निघणार, आणि निघालं की सिग्ने घरी.

"जाईल तर तोंड काळं करून जाईल पोर," जेस्का म्हणाली. "आपल्या मानापायी. तुमच्या भाषणापायी."

आम्ही अंगण केरसुणीने झाडलं, मग हाताने चाचपलं, मग चाळणीने चाळलं. तेवढ्यात कुंपणावरून शेजाऱ्याचं, झब्लोनचं डोकं वर आलं. झब्लोनला कुंपणाच्या अलीकडचं सगळं दिसतं, पलीकडचं स्वतःचं शेत सोडून.

"काय शोधताय?"

"बटण," मी म्हणालो.

"चमकतं का?"

"चमकतं."

"मग तुमच्या तांबड्या कोंबड्याने गिळलं. मी बघितलं. मान अशी वर केली आणि घळकन!"

तांबडा कोंबडा माझा लाडका होता. पण पोरीची अब्रू एका बाजूला आणि कोंबडा एका बाजूला. कापला. कोंबडी जिथे खडे दळते तो पेठा मी स्वतः सुरीने चिरला. आत खडे, काचेचा तुकडा आणि माझ्याच दुकानातलं एक हूक निघालं. हूक निघालं म्हटल्यावर झब्लोन मांडी ठोकून बसला.

"बघ! खातात म्हणजे खातात. तांबडा नसेल तर ती काबरी असेल. आता आठवतं मला, ती पण मागेच उभी होती."

काबरी कापली. मग पांढरी. मग मानेवर पिसं नसलेला तो भांडखोर. आमच्याकडे कोंबडी कापली आणि शेजाऱ्याला दिली नाही असं होत नाही. झब्लोन चारही वेळा मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा हातात घेऊन वेळेवर हजर. पेठा घरातल्या कर्त्या पुरुषाने खायचा हा आमचा रिवाज. मी चारही खाल्ले, एका दिवसात, एकापेक्षा एक चिवट. सिग्नेनेसुद्धा खाल्लं. म्हणाली, माझ्यामुळे मेल्या, मी कशी नाही म्हणू. जेस्काने वर बघून देवाचे आभार मानले की आजार बरा झाला. पाचव्या कोंबडीकडे झब्लोनने बोट केलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"झब्लोन, तू खरंच बघितलंस?"

"म्हणजे... बघितल्यासारखं वाटलं," तो बोटं चाटत म्हणाला. "उन्हात डोळे दिपतात रे."

त्या रात्री जेस्काने फक्त त्रुफेना आणि रिस्पा आजींच्या कानावर घातलं, आणि बुधवारी मी कलम चौदाकडे वळलो. 'चावी हरवल्यास सरकारी अधिकाऱ्याच्या पत्राने, त्याच्या समक्ष कुलूप तोडावे.' हे कलम मी स्वतः लिहिलं होतं आणि लिहिताना मला त्याचं कौतुक वाटलं होतं. मोटरसायकलवर बसून तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथला साहेब म्हणाला, चावी हरवल्याचा पोलिसांचा दाखला आणा. पोलीस म्हणाला, हरवली कोणाकडून? परदेशी पाहुणीकडून, मी बोलून गेलो. तिला पासपोर्ट घेऊन इथे उभी करा, आणि उपसरपंचाचं पत्र आणा. पासपोर्टचं नाव निघताच मी तिथून असा सटकलो की चोर मीच आहे असं त्याला वाटलं असणार. आमच्या उपसरपंचाचा शिक्का त्याच्या खिशात असतो, आणि खिसा त्या दिवशी तीन डोंगर पलीकडे एका मयताला गेला होता. गेलो. मयताला गेल्यावर हात हलवत बसता येत नाही. मी वर्गणी दिली, चाळीस खुर्च्या उचलल्या, एका मेलेल्या माणसाबद्दल, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं, चार चांगले शब्द बोललो. संध्याकाळी उपसरपंच भेटला.

"पत्र देतो की," तो म्हणाला. "फक्त आधी तालुक्याच्या साहेबाची चिठ्ठी आण."

मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही. ते चांगल्या अक्षरात लिहिण्यासारखं नाही.

आता मला ती गोष्ट सांगितली पाहिजे जी मी कोणालाही सांगितली नव्हती. बायकोलाही नाही.

सहा वर्षांपूर्वी, पेटी माझ्या घरी असताना, एका रविवारी मी मशीनला तेल घातलं. तेल उरलं, म्हणून पेटीच्या तिन्ही कुलपांत एकेक थेंब सोडला. तेल आत फिरावं म्हणून चावी घातली. विचारांच्या नादात ती दुसऱ्याच कुलपात घातली. आणि कुलूप उघडलं. मग तिसऱ्यात घातली. तेही उघडलं. तिन्ही कुलपं एका दुकानातून, एका दिवशी, एका खोक्यातून घेतलेली. माझी एक चावी तिन्हींना लागत होती.

मी कुलपं पटापट लावली आणि हात धुतले, जसे काही रक्ताने भरले होते. सभेत सांगायचं? सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता: तुम्हाला कसं कळलं? म्हणजे तुम्ही लावून बघितली? आणि त्या प्रश्नाला असं उत्तर जगात नाही की जे ऐकून लोक नुसती मान डोलावून घरी जातील. मी गप्प बसलो. त्याच वर्षी माझ्या मशीनचा दांडा मोडला आणि मी पाच महिने हाताने टाके घातले. पेटी कॉटखाली होती. झाकण कधी उचललं नाही. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. पण कोणी विचारलं नव्हतं म्हणून लिहितो.

तर शुक्रवारी मी बाजारात चावीवाल्यापाशी गेलो. विचार साधा होता: माझ्या चावीची नक्कल काढायची, सिग्नेच्या दोऱ्यात ओवायची, विषय संपला. अर्धा तास मी त्याच्या टपरीसमोर उभा होतो. मुठीत चावी. गटाच्या पेटीची चोरून नक्कल! कलम पंधराप्रमाणे त्याला हकालपट्टी आहे. तेही मीच लिहिलेलं. शेवटी पुढे झालो, तर माझ्याआधी टपरीशी कोण उभी? त्रुफेना. तिचीही मूठ बंद.

"अगं, तू इथे?"

"मी... साबण घ्यायला," ती म्हणाली. त्रुफेनाचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "आणि तुम्ही, भाऊ?"

"सुई घ्यायला."

चावीवाल्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "साबणही नाही, सुईही नाही," तो म्हणाला. "आणखी काही?"

आम्ही दोघं एकाच मोटरसायकलवर बसून गावाला परत आलो. वाटेत हवेवर बोललो.

शनिवारी संस्थेची बाई पांढऱ्या गाडीतून आली. हातात फॉर्म, फॉर्मवर चौकटी. बायका नव्या कपड्यांत, निम्मे मी शिवलेले. पेटी मध्ये ठेवली. प्रार्थना झाली. जेस्का उभी राहिली.

"पहिली चावी?"

"हजर," मी म्हणालो.

"दुसरी चावी?"

"हजर," त्रुफेना.

"तिसरी चावी?"

आंब्यावर एक कावळा ओरडला आणि थांबला. माझ्या शेजारी सिग्ने उठायला लागली. तिच्या पलीकडून रिस्पा आजींनी तिचा झगा धरून तिला खाली खेचलं आणि स्वतः काठी टेकत उभ्या राहिल्या.

"तिसरी माझी. हरवली. म्हातारी आहे, डोकं जाग्यावर नाही. घ्या दंड."

आजींचं डोकं गावात सगळ्यांपेक्षा जाग्यावर आहे. चावी सिग्नेच्या गळ्यात गेली हे सगळ्या बायकांनी पाहिलेलं, पण खोटं त्या असं बोलल्या की माझाच विश्वास बसत होता.

संस्थेच्या बाईने फॉर्मवर काहीतरी लिहिलं. "मग तुमच्या नियमाप्रमाणे कलम चौदा ना? फार सुंदर लिहिलंय. म्हणजे अधिकाऱ्याचं पत्र, आणि... जानेवारी?"

"जानेवारी?" मागून कोणीतरी किंचाळली. "नाताळाला पोरांना काय, पेटीचा फोटो दाखवू?"

लॉइस उठली, आजींचं खोटं खरं धरून. "अध्यक्षबाई, वाईट वाटून घेऊ नका, पण चावी म्हणजे काय गळ्यातला दागिना आहे का? यापुढे आजींना चावी नको. ज्याला सांभाळता येत नाही त्याने मान कशाला मिरवावा?"

आजी नुसत्या खाली बघत राहिल्या. अकरा वर्षांचा तो गळ्याखालचा डाग, आणि त्यावर हे बोलणं. सिग्ने हुंदका देऊन पुन्हा उठली. "नाही, आजी नाही, ती चावी मी..."

"अध्यक्षबाई!" मी तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडलो. परवानगीबिरवानगी काही नाही. "तिसरी चावी लागत नाही."

मी पेटीपाशी गेलो. गुडघे टेकले. माझी चावी पहिल्या कुलपात घातली, उघडलं. दुसऱ्यात घातली, उघडलं. तिसऱ्यात घातली. टक.

बावीस बायका गप्प बसल्या तर काय वाटतं हे ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगून कळणार नाही.

"एकाच खोक्यातली कुलपं," मी म्हणालो. "एक चावी तिन्हींना लागते."

"तुम्हाला कधीपासून माहीत?" लॉइस हळूच म्हणाली. कोर्स केलेला आवाज होता तो.

"सहा वर्षं."

"सहा वर्षांत पेटी किती महिने तुमच्या घरी होती?"

"चोवीस."

"चोवीस महिने," तिने सगळ्यांकडे बघत सांगितलं, जसं कोणाला ऐकू आलं नसेल.

मी जेस्काकडे पाहिलं. ती पेटीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "मला सांगितलं नाहीत," ती इतक्या हळू म्हणाली की तो आवाज सभेतला नव्हता, घरातला होता.

"अध्यक्षांना सांगितलं असतं तर..."

"मी अध्यक्षांचं नाही बोलत."

तेवढ्यात त्रुफेनाने आपली गिरणी सुरू केली. "आठ वर्षं!" ती म्हणाली. "मला आठ वर्षं माहीत आहे. भावाला काय विचारता, मला विचारा. अंधारात चुकीच्या कुलपात घातली, उघडलं. तेव्हापासून पेटी घरी आली की मी नवऱ्यालासुद्धा त्या खोलीत झोपू देत नाही. बोला, आता मला पण चोर म्हणा!"

"साबण," मी तिच्याकडे बघून म्हणालो.

"सुई," ती म्हणाली.

मग रिस्पा आजी हसायला लागल्या. दात चारच, पण हसू पूर्ण. "आठ वर्षं, सहा वर्षं! अरे, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. कुलपं कोणी आणली? मी. दुकानदार म्हणाला, आजी, वेगवेगळ्या चाव्यांची हवी असतील तर दुप्पट पैसे. मी म्हटलं, दे हीच."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?" जेस्का ओरडली. "का?"

"बघायचं होतं."

"काय बघायचं होतं?"

"ही दोघं कशी माणसं आहेत ते." आजींनी काठीने आधी मला, मग त्रुफेनाला दाखवलं. "अकरा वर्षं बघितलं. बरी आहेत."

पैसे मोजले. लॉइसने मोजले, मीच सांगितलं तिला. दोनदा मोजले. माझ्या वहीतला आकडा आणि पेटीतला आकडा यांत एका शिलिंगाचाही फरक नव्हता. लॉइसने वही माझ्या हातात परत दिली. तिच्यासाठी हे फार होतं. संस्थेच्या बाईचं पेन मघापासून हवेत होतं. या प्रकाराला फॉर्ममध्ये चौकटच नव्हती. शेवटी तिने 'चावी कोणाच्या ताब्यात' या ओळीसमोर 'लागू नाही' असं लिहिलं, फॉर्म घडी घालून पर्समध्ये टाकला, आणि सिग्नेला विचारलं, "तू यांना चार महिने काय शिकवलंस?"

"दंड भरायला शिकले," सिग्ने डोळे पुसत म्हणाली.

वाटणी झाली. पण माझी सुटका नव्हती. वाटणीनंतर आमच्याकडे सगळ्या पदांची मुदत संपते आणि लगेच निवडणूक होते; मोजणी होईपर्यंत काम जुन्यांनीच बघायचं. रांगेची. उमेदवाराने आंब्याकडे तोंड करून उभं राहायचं, आणि ज्याला जो हवा त्याने त्याच्या मागे रांग धरायची. मागे वळून बघायचं नाही, म्हणजे कोण कोणाच्या मागे हे उमेदवाराला कळत नाही. दरवर्षी माझ्यासमोर कोणी उभं राहत नसे. त्या दिवशी लॉइस उभी राहिली. ते बरोबरच होतं. मी तिच्या जागी असतो तर मीही राहिलो असतो.

मी आंब्याच्या सालीकडे बघत उभा होतो. सालीवर मुंग्या वर चालल्या होत्या. मागे पावलं वाजत होती, चपला, अनवाणी पाय, काठी. कुठे जात होती कळत नव्हतं. मला वाटलं, एवढी वर्षं कोरून लिहिलेली अक्षरं, आणि आता एक बाईसुद्धा नसेल मागे. सहा वर्षं गप्प बसलेला माणूस आहे मी. मी असतो तर मला मत दिलं असतं का? खरं सांगतो, दोनदा विचार केला असता.

मला राहवलं नाही. वळलो.

रांग माझ्या मागून निघून, गोठ्याला वळसा घालून, थेट रस्त्यापर्यंत गेली होती. पुढे रिस्पा आजी. मग त्रुफेना, हात कमरेवर. सगळ्यांच्या शेवटी, हातांची घडी घालून, लॉइस.

"माझ्या मागे कोणी आलंच नाही," ती लांबूनच म्हणाली. "तिकडे ऊन लागतं. इथे सावली आहे."

"चिटणीस!" जेस्काचा आवाज कडाडला. "मोजणी संपल्याशिवाय मान वळवली. वीस शिलिंग."

मी पुन्हा झाडाकडे तोंड केलं आणि खिशातून वीस शिलिंग काढून हात मागे केला. कोणीतरी ते घेतले. जेस्का रांगेच्या बाजूने चालत मोजू लागली. एक, दोन, तीन. ती सोडून गटात एकवीस बायका. एकवीसपर्यंत आली आणि थांबली. मग तिची पावलं माझ्या जवळ आली, अगदी पाठीशी, आणि तिथेच राहिली.

"बावीस," ती म्हणाली.

अध्यक्षांना मत नसतं. कलम सहा. ते मीच लिहिलं आहे, आणि चिटणीस म्हणून हरकत घेणं माझं काम होतं. मी घेतली नाही.